जुन्या थारचा फायबरचा टप काढून कापडी हूड बसवायचंय, कुणी केलंय का?

थारवाला_कराड

नमस्कार मंडळी, नमनाला घडाभर तेल घालत नाही. २०११ ची महिंद्राची थार आहे, सीआरडीई म्हणजे डिझेल इंजिनवाली, फोर बाय फोर, सेकंडहँड घेतलीय. आधीच्या मालकाने बाहेरून बनवून घेतलेला फायबरचा हार्ड टॉप चढवलाय, बाजूला सरकत्या काचा, मागं उघडणारं दार, आणि पुढच्या दोन्ही दरवाजांवर पण ॲल्युमिनियमची फ्रेम लावून काचा. लांबनं एकदम रुबाबदार दिसते, पण कच्च्या रस्त्याला लागलं की असा खडखडाट की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि पावसात पुढच्या काचेच्या वरच्या जोडातनं पाणी ठिबकतंच, सिलिकॉन भरलं की थोडे दिवस गप्प बसतं आणि परत तेच. आणि खरं सांगू का, उघडी गाडी पाहिजे म्हणून तर थार घेतली, डोक्यावर घट्ट टपच पाहिजे असता तर बोलेरो काय वाईट होती.

तर हा टप उतरवून कापडी हूड टाकायचं मनात आहे. घोडं इथं अडलंय की गाडीबरोबर आलेलं मूळ हूड, त्याच्या पाईपच्या कमानी, दरवाजाचे कापडी पडदे यातलं काहीच माझ्याकडं नाही, आधीच्या मालकाने सगळं भंगारात घातलं म्हणे. मग रेडीमेड मागवू का इथंच शिवून घेऊ? कापड कुठलं, ताडपत्रीवालं का रेक्झिनवालं? पाऊस झेपतो का? शिवाय गाडीला पंधरा वर्षं भरत आलीत, पासिंग तोंडावर आहे, आरटीओत टप बदलला म्हणून लटकवणार तर नाहीत ना? घरी विषय काढला तर वडील म्हणाले, "ताडपत्री टाकून काय कराड-पाटण वडाप चालवणार आहेस का?" त्यामुळं घरून पाठिंबा शून्य हे गृहीत धरून सांगा.


आरसी_आधी_बघा

भावा, कापड आणि कमानी नंतर. आधी आरसी काढ आणि त्यावर बॉडीच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाच. जुनी थार सहसा कापडी टपावरच यायची, त्यामुळे आरसीवर सॉफ्ट टॉप असण्याचीच शक्यता जास्त. तसं असेल तर तू गाडीत बदल करतच नाहीयेस, बदल आधीच्या मालकाने केलाय आणि तू तो काढतोयस. तुला भीती वाटतेय कापड टाकल्यावर लटकवतील याची, आणि खरी गोम अशी की आत्ता आहे तशी पासिंगला नेलीस तरच लटकशील.

जरा सविस्तर सांगतो कारण यावर इथं नेहमी उंटावरून शेळ्या हाकल्या जातात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की कंपनीने मूळ जे स्पेसिफिकेशन दिलंय त्याच्याशी आरसीवरचा तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन १८२-ए आलं, त्यात मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे नुसतं कागदावर नाहीये. २०२२ च्या डिसेंबरात श्रीनगरच्या कोर्टात एका थारवाल्याचं प्रकरण गेलं, त्याने हार्ड टॉप चढवलेला, वर मोठे टायर, एलईडी लाईट, सायरन, सगळी हौस. शिक्षा सुनावली, तुरुंगात न पाठवता बाँडवर सोडलं, आणि आरटीओला सांगितलं की गाडी आरसीत आहे तशी करून घ्या. म्हणजे तू जे आपणहून करायला निघालायस तेच.

आता दुसरी शक्यता. आधीच्या मालकाने त्या काळी रीतसर अर्ज करून आरसीवरच हार्ड टॉप चढवून घेतला असेल, तर मात्र टपाला हात लावायच्या आधी आरटीओत जा, बदलाचा बीटी फॉर्म असतो, तो भरून परवानगी घे आणि मगच स्पॅनर उचल. कापड टाकून झाल्यावर कागद करायला गेलास तर वरातीमागून घोडं.

इन्शुरन्सवाल्यांना पण ईमेल टाकून ठेव, टप काढायच्या आधीचे आणि नंतरचे फोटो जोडून. फोनवर सांगितलं होतं असं म्हणून क्लेम मिळत नाही. आणि पासिंगला जाताना पुढचा बुलबार असेल तर तोही उतरव, टायर पण मूळ मापाचेच ठेव, २३५/७०/आर १६. इन्स्पेक्टर एकच गोष्ट बघून थांबत नाही.


स्पॅनर_नानापेठ

वरच्यांनी कागदाचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. आमच्या गॅरेजमध्ये असे टप उतरवायला बऱ्याच गाड्या येतात आणि बहुतेक वेळा टप उतरवणं सोपं असतं, त्याच्याखाली जे सापडतं ते अवघड.

आधी बघ टप नुसता बोल्टवर आहे का चिकटवलाय पण. पुढे काचेच्या फ्रेमवर स्क्रू असतील, बाजूला बॉडीच्या वरच्या काठावर बोल्ट, त्यांचे नट आतून मागच्या सीटखाली हात घालून सापडतात, अर्धे गंजलेले असणार, आदल्या रात्री डब्ल्यूडी, म्हणजे गंज सोडवायचा स्प्रे, मारून ठेव. छतातल्या लाईटची वायर, मागचा वायपर असेल तर त्याची, सगळं आधी सोडव नाहीतर टप उचलताना वायरिंगचा हार्नेसच उपटून येतो. पीयू सीलंटने चिकटवला असेल तर पटाशी घालून उचकटू नको, काठ फुटतो, बारीक स्टीलची तार घ्यायची, दोन्ही टोकांना लाकडाची मूठ बांधायची, आणि दोघांनी दोन बाजूंनी करवतीसारखी ओढत न्यायची. चार माणसं पाहिजेत उचलायला, वजनापेक्षा तो आकार सांभाळायला.

टप निघाला की काठावर भोकं दिसतील आणि प्रत्येक भोकाभोवती गंजाचं कडं. ती घासून, प्रायमर मारून, रंग लावून रबरी बूच घालायचं. तिथं सिलिकॉन भरू नको रे बाबा, सिलिकॉन लागलेल्या जागेवर नंतर रंग धरत नाही, पेंटर शिव्या देतो. टपाखाली झाकलेल्या भागाचा मूळ रंग आणि बाहेर उन्हात उतरलेला रंग यात फरक दिसणारच, त्यावर जीव टाकू नको, हूडची पट्टी आली की बराच झाकला जातो.

आणि महत्त्वाचं, मूळ कमानी जिथं बसायच्या त्या बॉडीवरच्या पट्ट्या शाबूत आहेत का ते बघ. काही जण फायबर बसवताना अडतं म्हणून त्या ग्राइंडरने उडवतात. असतील तर अर्धं काम झालं. नसतील तर आधी दुसऱ्या जुन्या थारचं माप घे, अंदाजाने वेल्डिंग केलं तर एक कमान इकडे एक तिकडे होते आणि मग कितीही चांगलं कापड शिवलं तरी ते तिरकंच ताणणार. कमानी सेकंडहँड मिळतात, शोधावं लागतं, इकडे पुण्यात मंगळवार पेठेत अधूनमधून येतात. कापड मात्र जुनं घेऊ नको.


आंबोलीचा_काका

बाळा, माझी महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, जन्मापासून कापडी, आणि राहतो आंबोलीला, जिथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेव्हा पाऊस झेपतो का याचं उत्तर झेपतो, पण कापडामुळे नाही, शिलाईमुळे.

कापडाचे दोन प्रकार. सुती कॅनव्हास, म्हणजे ट्रकच्या ताडपत्रीचा भाऊ. भिजला की सूत फुगतं आणि विणीतली, टाक्यांची भोकं आपोआप बुजतात, श्वास घेतो म्हणून आत उकडत नाही, फाटला तर कुणीही शिवतो. पण पहिल्या पाण्यात आटतो. म्हणून कापायच्या आधी भिजवून, वाळवून घ्यायचा, नाहीतर पहिल्याच पावसात मागची बटणं लागेनाशी होतात. आणि ओला गुंडाळून ठेवलात की बुरशी, काळे ठिपके, ते काही जात नाहीत. दुसरं ते पीव्हीसी कोटिंगचं, तुम्ही रेक्झिन म्हणता ते, आत पॉलिस्टर असतं. ते आटत नाही, बुरशी कमी, फडक्याने पुसलं की झालं. पण त्याची भोकं बुजत नाहीत. सुईने पाडलेलं भोक ते भोकच, म्हणून शिवणीला आतून टेप किंवा सीलर लागतोच. शिवाय उन्हात तापतं, आणि वर्षं गेली की घड्यांवर तडकतं. कोकणात मी पीव्हीसी सांगेन. तुमच्या कराडला, गाडी शेडमध्ये उभी राहणार असेल तर सुती घे, मजा वेगळी आहे.

आता शिलाई. दोन तुकडे जोडताना दुमड घालून दुहेरी टीप मारायची, आणि वरचा तुकडा खालच्यावर असा यायला हवा की पाणी जोडावरून घसरून जाईल, छपरावर कौलं टाकतो तसं. शिवणाऱ्याला हे सांगायला लागतं, कारण तो टेबलावर शिवतो, त्याला उतार दिसत नाही. छताच्या मधोमध लांबीला शिवण घालूच द्यायची नाही, तिथंच पाणी उभं राहतं. दोन कमानींमध्ये अंतर जास्त असेल तर कापडाला झोळ येतो आणि त्यात तळं साचतं, मग घाटात ब्रेक मारलात की ते सगळं पुढं येऊन काचेच्या फ्रेमवरून थेट ड्रायव्हरच्या मांडीवर. उपाय साधा, कमानींवरून लांबीला दोन रुंद पट्टे ताणून बांधायचे, सीटबेल्टच्या कापडाचे असतात तसे, आणि त्यांच्यावर कापड. झोळ येतच नाही.

बसवायचं कडक उन्हात. ऊन खाल्लेलं कापड सैल पडतं, तेव्हा ओढून टिच बटणांच्या जागा मारायच्या, थंडीत आपोआप घट्ट बसतं. गारठ्यात मारल्यात तर दुपारी झोळ.

आणि रेडीमेड का शिवून? अहो, रिक्षाचं हूड शिवणारा माणूस गाठा. त्याच्याकडे जाड सुईचं मशीन आहे, हात बसलेला आहे आणि रोज तो पावसात चालणारं हूडच शिवतो. गाडीच्या सीटकव्हरवाल्याकडे जाऊ नका, त्याचं काम आतलं, पावसाशी त्याचा संबंध नाही.


थारवाला_कराड

काका, स्पॅनरदादा, आरसीवाले, तिघांचेही लय आभार. आरसी बघितली. सॉफ्ट टॉप लिहिलंय. म्हणजे आत्तापर्यंत मीच चुकीच्या गाडीत फिरत होतो की राव! वडिलांना दाखवलं, तर म्हणाले ५००० दंडाचं खरं का, आणि मग स्वतःच टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. कमानीच्या पट्ट्या दोन्ही बाजूला आहेत, डाव्या बाजूची मागची जराशी वाकलीय.

आता दरवाजांचं काय? त्या ॲल्युमिनियमच्या काचा काढल्या की वरचा अर्धा भाग मोकळाच. आणि खिडक्यांचं ते पारदर्शक प्लास्टिक वर्षभरात पिवळं पडतं असं एकाने घाबरवलंय.


मुक्ता_नाशिक

सगळे एका सुरात हो हो म्हणतायत म्हणून मी जरा दुसरी बाजू लिहिते. आमच्याकडे कापडी टपाची थार आहे, मीच चालवते, दोन मुलं मागे. मला आवडते, विकणार नाही, पण या गोष्टी कुणी आधी सांगत नाही.

धूळ. लोकांना वाटतं पुढून येते. नाही, मागून येते. मागचा पडदा गुंडाळलेला आणि बाजू बंद, असं चालवलं की गाडीच्या मागे हवेची पोकळी होते आणि रस्त्यावरची सगळी धूळ, वर स्वतःच्याच गाडीचा डिझेलचा धूर, आत ओढला जातो. मुलांना मळमळायला लागतं आणि आपण म्हणतो घाट लागला. एकतर सगळंच उघडा किंवा मागचं आधी बंद करा, मधलं काही नाही.

दुसरं, गाडीत काही ठेवून उतरता येत नाही. ब्लेडने कापड चिरायला वेळ लागत नाही, आणि चोर पाचशे रुपयांच्या बॅगेसाठी सगळं हूड फाडून जातो. आम्ही सीटखाली कुलुपाची पत्र्याची पेटी बोल्टने बसवलीय, कागद, चार्जर त्यातच. आणि माकडं! महाबळेश्वर, सप्तशृंगी, कुठेही, खाण्याचा वास आला की प्लास्टिकची खिडकी ती दाताने फाडतात. चोराला निदान चेन उघडायची अक्कल असते.

तिसरं, गाडी उलटली तर. फायबरचा टप काही वाचवतो अशातला भाग नाही, तो फुटतोच, पण कापडात तर तेवढा भ्रमसुद्धा नाही. कमानी कापड धरायला असतात, गाडीचं वजन घ्यायला नाही. मागच्या आडव्या सीटवर मुलं असतील तर हायवेला मी ऐंशीच्या वर जात नाही, तसंही त्यापुढे कापड इतकं फडफडतं की गाणी ऐकू येत नाहीत. एसीचं तर नावच सोडा, उन्हाळ्यात दुपारी तो फक्त गुडघे गार करतो.

हे सगळं मान्य असेल तर जरूर करा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी संध्याकाळी सगळं उघडून गंगापूर धरणाच्या कडेने जाताना मला दुसरी कुठलीच गाडी नको असते.


बोलेरो_बॉय

मस्त धागा आहे. माझ्या बोलेरोचा टप कापून असंच कापडी करता येईल का? आणि मित्राची नवीन थार हार्ड टॉप आहे, त्याचं जमेल ना, ती तर थारच आहे.


स्पॅनर_नानापेठ

बोलेरोला हात लावू नको. तुझं छत बोल्टवर नाहीये, खांब आणि छत मिळून ती बॉडी उभी आहे. छत कापलं की काचेची फ्रेम हलायला लागते, दरवाजे बसेनासे होतात आणि खड्ड्यात बॉडी पिळते. या कराडच्या भावाचा टप वरून ठेवलेला आहे म्हणून आपण इथं बोलतोय. हरियाणातल्या डबवालीहून उघड्या जीप येतात तसली करून पाहिजे असं म्हणत बरेच येतात, मी परत पाठवतो.


आरसी_आधी_बघा

मित्राच्या थारचं मी सांगतो. २०२० च्या ऑक्टोबरात आलेली नवीन थार कंपनीनेच हार्ड टॉप आणि सॉफ्ट टॉप अशा दोन्ही रूपात आणली, पण वेगवेगळे व्हेरिएंट म्हणून, आरसीवर वेगळी नोंद. त्यामुळे त्याने हार्डचं सॉफ्ट केलं तर कलम ५२ सरळ लागू. कंपनीनेच दोन्ही बनवल्या मग काय हरकत, हा युक्तिवाद नाक्यावर हवालदारापुढे करून बघावा, निकाल इथं कळवावा.


आंबोलीचा_काका

मुक्ताताईंचं मागून येणाऱ्या धुळीचं शंभर टक्के खरं.

कराडकर, दरवाजाचं असं. लोखंडी सळीची चौकट वाकवून घ्यायची, तिची खालची दोन टोकं दरवाजाच्या वरच्या काठातल्या भोकात उतरतात, आणि त्या चौकटीवर कापडाचा पडदा, मध्ये पारदर्शक पीव्हीसी. पुढच्या बाजूने वर चेन ठेवायला सांगा, टोलनाक्यावर हात बाहेर काढायला बरी पडते. चेन प्लास्टिकच्या जाड दातांची घ्या, पितळी दिसते छान पण धुळीत अडकते आणि आमच्याकडे दमट हवेत हिरवी होते. चेनवर बाहेरून कापडाची झाप पाहिजेच, चेन पाणी अडवत नाही.

प्लास्टिक पिवळं पडतं ते उन्हाने, आणि लोक ते थिनर किंवा पेट्रोलने पुसतात त्याने. साधं पाणी आणि मऊ फडकं, आधी पाणी ओतून धूळ जाऊ द्यायची, कोरडं पुसलं की ओरखडे, मग रात्री समोरच्या दिव्यांनी काहीच दिसत नाही. घडी कधीच घालायची नाही, जुन्या चादरीत गुंडाळायचं. थंडीत पहाटे तर हात लावू नका, कडक झालेलं असतं, गुंडाळताना काच तडकावी तसं तडकतं. तरी काही वर्षांनी बदलावं लागणारच, म्हणून खिडकी अशी शिवून घ्या की तेवढाच तुकडा उसवून नवीन टाकता येईल, अख्खा पडदा नको.


थारवाला_कराड

ठरलं मग. पासिंगच्या आधीच टप उतरवतोय, रविवारी चुलतभाऊ आणि दोन मित्र येतायत उचलायला, वडील म्हणाले तार मी ओढणार. बसस्थानकाच्या मागं एक रिक्षा हूडवाला आहे, त्याला जाऊन भेटलो, थारचं कधी केलं नाही म्हणाला पण गाडी आणा, मापं गाडीवरच घेतो म्हणाला, ते मला आवडलं. कापड सुतीच घेतोय, शेड आहे आपल्याकडं. कमानी स्पॅनरदादांनी फोटो पाठवलेत त्यातल्या बघतोय.

एक राहिलं, निघालेल्या फायबर टपाचं काय करू? पाहिजे का कुणाला?


आरसी_आधी_बघा

विकशील तर पुढचा तोच घोळ दुसऱ्याच्या गळ्यात. शेताच्या वस्तीवर कोंबड्यांना छप्पर कर, काचा पण आहेत, हवेशीर होईल.


स्पॅनर_नानापेठ

ठेवणार असलास तर उलटा ठेवू नको, काठावर उभा ठेव, खाली लाकडाच्या पट्ट्या टाक आणि उन्हात नको, फायबर वाकडं होतं.


आंबोलीचा_काका

हूडवाल्याकडे जाताना धागा तुमचा तुम्ही घेऊन जा. त्याच्याकडे असतो तो रेक्झिनसाठीचा नायलॉनचा. सुती कॅनव्हासला आत पॉलिस्टरचा गाभा आणि वरून सूत असलेला धागा मिळतो, वरचं सूत भिजून फुगतं, भोक बुजतं आणि आतलं पॉलिस्टर तुटत नाही. एक मोठी रीळ पुरावी. उरलेली गाडीत ठेवा, सोबत एक जाड सुई.